शंभरांतले अठ्ठ्याहत्तर आणि शंभरांतले एकाहत्तर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच शंकेभोवती फिरणारी आहेत. दोन गटांतून नमुने घेतले आणि त्यांत एखाद्या गोष्टीचे प्रमाण वेगवेगळे आढळले, तर तो फरक खरा धरायचा की नमुन्यात घडलेला योगायोग समजायचा, ही ती शंका होय. म्हणून या वेळी इतर पत्रे पुढच्या अंकासाठी राखून फक्त याच विषयावरची घेतली आहेत. एक खुलासा आधीच करतो. मराठीत प्रपोर्शनलाही ‘प्रमाण’ म्हणतात आणि स्टँडर्ड या अर्थीही ‘प्रमाण’च म्हणतात, त्यामुळे ‘प्रमाणांतील फरकाची प्रमाण त्रुटी’ असे वाक्य आले की विद्यार्थी अडखळतो. येथे ‘प्रमाण’ हा शब्द केवळ पहिल्या अर्थाने वापरला आहे आणि दुसऱ्यासाठी वर्गात रुळलेला ‘स्टँडर्ड एरर’ हाच शब्द ठेवला आहे.

प्रश्न : आमची लातूर जिल्ह्यात कोरडवाहू जमीन असून आम्ही दर खरिपात सोयाबीन पेरतो. यंदा वडिलांनी घरी राखलेले बियाणे आणि गावातल्याच एका शेतकऱ्याकडून विकत घेतलेले बियाणे, अशा दोन्हींची उगवणक्षमता गोणपाटावर तपासली. घरच्या १०० दाण्यांपैकी ७८ उगवले, विकतच्या १०० पैकी ७१. घरचेच बियाणे सरस, असे वडील म्हणतात. मी बी. एस्सी.ला संख्याशास्त्र शिकते, आणि सात दाण्यांवरून असे ठरवणे मला धाडसाचे वाटते. आपले मत काय?
— एक विद्यार्थिनी, लातूर जिल्हा

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, आणि पेरणीआधी तुमच्या वडिलांनी दाणे मोजून पाहिले, ही गोष्ट त्याहून मोलाची आहे, कारण त्यांनी मोजले नसते तर शंका घ्यायलाही काही हाती नसते.

आता हिशेब करू. क्षणभर असे धरून चला की दोन्ही बियाण्यांची उगवणक्षमता मुळात एकच आहे. यालाच शून्य गृहीतक म्हणतात. तसे असेल तर घरचे आणि विकतचे हा भेद उरत नाही, सगळे मिळून २०० दाणे होतात आणि त्यांतले १४९ उगवले, म्हणजे एकत्रित प्रमाण ०.७४५ येते. या प्रमाणाला न उगवलेल्यांच्या ०.२५५ या प्रमाणाने गुणा, आलेल्या संख्येला १/१०० अधिक १/१०० म्हणजे ०.०२ ने गुणा, आणि वर्गमूळ काढा. उत्तर ०.०६२ च्या आसपास येते. हा झाला फरकाचा स्टँडर्ड एरर. त्याचा अर्थ असा की, उगवणक्षमता अगदी सारखी असलेल्या दोन बियाण्यांतून शंभर-शंभर दाणे घेतले, तरी त्यांच्या उगवणीत सहा-सात दाण्यांचा फरक पडणे ही नित्याची गोष्ट आहे. तुमचा फरक ०.०७ आहे. त्याला ०.०६२ ने (नेमके ०.०६१६ ने) भागले की झेडची, म्हणजे फरक स्टँडर्ड एररच्या किती पट आहे या आकड्याची, किंमत १.१४ येते. फरक ‘सार्थ’ म्हणायचा तर पाच टक्के सार्थकता पातळीवर, म्हणजे निव्वळ योगायोगाने शंभरांत पाचच वेळा ओलांडली जाईल अशी, १.९६ ची मर्यादा आपल्याला ओलांडायची असते. बियाणी सारखी असतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक, कोणत्याही एका बाजूने, शंभर वेळांपैकी सुमारे २६ वेळा निव्वळ योगायोगाने दिसेल. तेव्हा या मोजणीवरून घरचे बियाणे सरस ठरत नाही.

मात्र येथून बहुतेक विद्यार्थी दुसऱ्या चुकीकडे वळतात, आणि ती मला अधिक काळजीची वाटते. ‘फरक सार्थ नाही’ याचा अर्थ ‘दोन्ही बियाणी सारखी आहेत’ असा ते करतात. तुमच्या आकड्यांवरून फरकाचा ९५ टक्के विश्वासांतराल, म्हणजे खरा फरक ज्या मर्यादांत असणे या मोजणीशी जुळते तो पट्टा, काढला तर तो उणे ५ पासून अधिक १९ टक्केबिंदूंपर्यंत पसरतो. (टक्केबिंदू म्हणजे दोन टक्केवाऱ्यांची सरळ वजाबाकी.) म्हणजे विकतचे बियाणे पाच टक्केबिंदूंनी सरस असणे जसे या मोजणीशी जुळते, तसेच घरचे एकोणीस टक्केबिंदूंनी सरस असणेही जुळते. एकोणीस टक्केबिंदू हा पेरणीच्या दृष्टीने केवढा मोठा फरक आहे, हे तुमच्या वडिलांना मी सांगायला नको. वडिलांचा अंदाज खोटा ठरलेला नाही. तो पडताळायला शंभर दाणे अपुरे पडले आहेत, एवढेच म्हणता येते.

मग किती दाणे पुरतील? बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत शंभर-शंभरच्या चार तुकड्या करून ४०० दाणे लावण्याची रीत आहे, ती उगाच नाही. समजा तुम्हीही दोन्हींचे ४००-४०० दाणे लावले आणि टक्केवारी हीच राहिली, म्हणजे ३१२ आणि २८४ उगवले, तर स्टँडर्ड एरर निम्म्यावर येऊन ०.०३१ होतो आणि झेड २.२७ होते. फरक तोच सात टक्केबिंदूंचा, पण आता तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. दाणे चौपट केले तेव्हा एरर निम्मा झाला, हे लक्षात ठेवा.

गणितापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट तुमच्या पत्रात राहून गेली आहे. हे शंभर दाणे निवडले कसे? मी स्वतः पाहिले आहे की, ताटात बियाणे ओतून दाणे वेचायला बसले की बोट आपोआप टपोऱ्या, पिवळ्याधमक दाण्याकडे जाते आणि सुरकुतलेला किंवा टरफल सुटलेला दाणा ताटाच्या कडेला राहतो. सोयाबीनचे टरफल पातळ असते, मळणीत आणि पोती आदळण्यात त्याला इजा होते, आणि नेमका तोच दाणा उगवत नाही. म्हणून पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठभर बियाणे घ्यावे, ते चांगले मिसळावे आणि समोर येतील ते शंभर दाणे निवड न करता मोजावेत. दहा-दहाच्या ओळीत ओल्या गोणपाटावर मांडून गुंडाळी करावी आणि दोन्ही गुंडाळ्या एकाच सावलीत ठेवून त्यांवर सारखेच पाणी शिंपडावे. एक गुंडाळी रांजणाशेजारी आणि दुसरी उन्हाच्या भिंतीला टेकलेली असेल, तर तुम्ही बियाण्याची नव्हे, जागेची तुलना केली असे होईल. सहा-सात दिवसांनी उघडल्यावर निरोगी कोंब तेवढे मोजावेत. नुसता मोड दिसून पुढे कुजलेला दाणा उगवलेल्यांत धरू नये. हे सारे काटेकोर झाले नसेल तर वरचे सूत्र कितीही बिनचूक मांडले तरी त्याला अर्थ राहत नाही.

प्रत्यक्ष पेरणीसाठी एक सांगतो. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवणक्षमतेची अट आहे, आणि विकतच्या बियाण्याचे ७१ टक्के या रेषेच्या अगदी काठावर आहेत. केवळ शंभर दाण्यांवरून ते ६२ ते ८० यांमध्ये कुठेही असू शकतात. एकमेकांशी तुलना करण्यापेक्षा हे एक बियाणे पुन्हा तपासणे अधिक निकडीचे आहे. उगवण ७० हून कमी निघाली तर त्या प्रमाणात एकरी बियाणे वाढवावे लागते. एकरी ३० किलो पेरत असाल आणि उगवण ६० टक्के आली, तर ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे ३५ किलो.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. दोन प्रमाणांची वजाबाकी करताना त्यांच्या त्रुटींचे वर्ग मात्र मिळवायचे, हे विद्यार्थ्यांना पटवून देता येत नाही. शिवाय चाचणी घेताना एकत्रित प्रमाण वापरायचे आणि विश्वासांतराल काढताना दोन्ही वेगवेगळी, हा भेद का?
— एक शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : आपला पहिला प्रश्न फार चांगला आहे, सूत्र पाठ करून घेणाऱ्या वर्गात तो कोणी विचारतच नाही. मी तो मोंढ्यातल्या काट्याने समजावतो. समजा दोन पोती तोलली आणि प्रत्येक वजनात दोनशे ग्रॅम इकडे किंवा तिकडे चूक होऊ शकते. दोन पोत्यांच्या वजनातला फरक काढायचा आहे. पहिल्याचे वजन दोनशे ग्रॅम जास्त आणि दुसऱ्याचे दोनशे ग्रॅम कमी दाखवले गेले, तर फरकातली चूक चारशे ग्रॅमची झाली. वजने वजा केली म्हणून चुका वजा झाल्या नाहीत, कारण चुकीची दिशा आपल्या हातात नाही. मात्र दोन्ही चुका पूर्ण मोठ्या आणि नेमक्या उलट दिशेच्या असणे विरळा, त्यामुळे सरळ बेरीजही जास्तच होते. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये असते, आणि एका चुकीचा दुसरीशी संबंध नसेल तेव्हा ते वर्गांच्या बेरजेच्या वर्गमूळाएवढे येते.

फळ्यावर काटकोन त्रिकोण काढा. वरच्या पत्रातलेच आकडे घ्या. ७८ टक्क्यांचा स्टँडर्ड एरर ४.१ टक्केबिंदू आणि ७१ टक्क्यांचा ४.५. या दोन बाजू काटकोनात ठेवल्या की कर्ण ६.१ येतो, आणि तोच फरकाचा एरर. कर्ण प्रत्येक बाजूहून मोठा पण दोघींच्या बेरजेहून लहान असतो, हे मुलांनी आठवीपासून पाहिलेले आहे. काटकोन म्हणजे येथे दोन नमुन्यांचे स्वातंत्र्य. ते नसेल तर कोन बदलतो आणि सूत्रही बदलते. शेवटच्या पत्रात नेमके तेच घडले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. चाचणी घेताना आपण दोन्ही प्रमाणे एकच आहेत असे धरून निघतो, मग त्या एकाच प्रमाणाचा उत्तम अंदाज सगळे दाणे एकत्र करूनच मिळणार. विश्वासांतराल काढताना ते गृहीतच नसते, उलट फरक केवढा आहे हेच शोधायचे असते, म्हणून प्रत्येकाचे प्रमाण त्याचे त्याचे ठेवावे लागते. वरच्या उदाहरणात पहिल्या रीतीने ०.०६१६ आणि दुसऱ्या रीतीने ०.०६१४ येते. आकड्यांत फरक नगण्य आहे, पण विचार निराळा आहे, आणि परीक्षेत गुण त्या विचारालाच द्यावेत असे मला वाटते.

प्रश्न : दोन विश्वासांतराल एकमेकांवर चढले असतील तर फरक सार्थ नाही, असे आमच्या वर्गात सांगितले गेले. हे बरोबर आहे का? आणि काय-वर्ग चाचणी वापरली तर उत्तर वेगळे येईल का?
— एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : पहिले विधान चुकीचे आहे, आणि ते फार ठिकाणी सांगितले जाते, म्हणून उदाहरणाने खोडून काढतो. लातूरच्या पत्रातील ४००-४०० दाण्यांचेच आकडे घ्या. ७८ टक्क्यांचा ९५ टक्के विश्वासांतराल ७३.९ ते ८२.१ आणि ७१ टक्क्यांचा ६६.६ ते ७५.४. म्हणजे ७३.९ ते ७५.४ हा पट्टा दोघांत सामाईक आहे. तरीही झेड २.२७ आहे आणि फरकाचा स्वतःचा विश्वासांतराल १ ते १३ टक्केबिंदू, म्हणजे शून्याला वगळून, येतो. असे होण्याचे कारण वरच्या त्रिकोणातच आहे. दोन अंतराल शेजारी ठेवून ते भिडतात का हे पाहणे म्हणजे दोन बाजूंची सरळ बेरीज करणे; खरे माप तर कर्णाचे घ्यायचे असते आणि तो आखूड असतो. दोन अंतराल एकमेकांना मुळीच स्पर्श करत नसतील तर फरक सार्थ म्हणायला हरकत नाही. ते चढलेले असतील तर मात्र फरकाचाच अंतराल काढून पाहावा.

काय-वर्ग चाचणी प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांतील तफावत मोजते. दोन गट आणि दोनच पर्याय असताना, सातत्याची दुरुस्ती (तुटक मोजणीला सलग वक्र लावताना करायची बारीक घट) न करता, काय-वर्ग म्हणजे झेडचा वर्गच. १.१३६ चा वर्ग १.२९, १.९६ चा वर्ग ३.८४. निकाल तोच लागतो.

प्रश्न : ७१ वरून ७८ झाले तर ‘सात टक्के वाढ’ म्हणावे का?
— एक वाचक, जालना

उत्तर : म्हणू नये. ती सात टक्केबिंदूंची वाढ आहे. मूळच्या ७१ शी तुलना केली तर वाढ जवळजवळ दहा टक्के होते. दोन्ही आकडे खरे आहेत, पण कोणता सांगत आहोत हे प्रत्येक वेळी लिहावे.

प्रश्न : आमच्या गावात दोन वाड्यांवरील २४ आजारी शेळ्यांपैकी १२ जणींना एक औषध आणि १२ जणींना दुसरे दिले. पहिल्याने ९ बऱ्या झाल्या, दुसऱ्याने ५. हा तर ३३ टक्केबिंदूंचा फरक झाला. आता पहिलेच औषध वापरावे ना?
— एक पशुपालक, हिंगोली जिल्हा

उत्तर : शेळी आजारी पडली की घरचा रोजचा खर्चच अडतो, तेव्हा आपली घाई मी समजू शकतो. पण हा फरक दिसतो तेवढा भक्कम नाही. झेडचे सूत्र लावले तर १.६६ येते. त्यावरही भिस्त ठेवू नये, कारण ते सूत्र नमुना पुरेसा मोठा असल्याचे धरून चालते. प्रत्येक गटात बरे होणारे आणि न होणारे अपेक्षेने निदान पाच-पाच तरी हवेत, असा ढोबळ नियम आहे. काही पुस्तके दहा सांगतात. आपल्याकडे न बऱ्या झालेल्यांची अपेक्षित संख्या बरोबर पाच आहे, म्हणजे आपण काठावर आहोत. अशा वेळी संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांची अचूक चाचणी वापरतात. तिच्यात अंदाजाचे सूत्र नसते, तर २४ पैकी बऱ्या झालेल्या १४ शेळ्या दोन गटांत किती प्रकारे विभागल्या जाऊ शकतात हे सरळ मोजले जाते. त्या मोजणीनुसार औषधांत काहीच फरक नसतानाही एवढी तफावत १०० पैकी सुमारे २१ वेळा पडू शकते. झेडने हीच शक्यता १० वेळा दाखवली असती, म्हणजे निम्म्याहून कमी. लहान नमुन्यात सूत्र किती दिशाभूल करते, ते यावरून दिसते.

दुसरे असे की, पहिले औषध एका वाड्यावर आणि दुसरे दुसऱ्या वाड्यावर दिले असेल, तर चारा, पाणी, गोठ्याची ओल आणि एकमेकींपासून होणारी लागण हे सगळे औषधाच्या खात्यावर जमा होईल. प्रत्येक वाड्यावर चिठ्ठ्या टाकून दोन्ही औषधे वाटली असतील तरच तुलना न्याय्य. आज उपचार कोणता करायचा हे मात्र पशुवैद्यकांनाच विचारावे. बारा शेळ्यांच्या आकड्यांवरून मी ते सांगणार नाही.

प्रश्न : मी आरोग्य केंद्रात काम करते. आमच्याकडे ज्या घटनांची नोंद होते त्यांचे प्रमाण हजारात एखादेच असते. दोन गटांतला फरक अर्ध्या टक्क्याएवढाही नसेल तर त्याची तुलना करण्यात अर्थ आहे का?
— एक परिचारिका, नांदेड

उत्तर : आहे, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच क्षेत्रातले आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत जोनास साल्क यांच्या पोलिओ लशीची चाचणी झाली. तिच्या एका भागात चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छ निवडीने २,००,७४५ मुलांना लस आणि २,०१,२२९ मुलांना तशीच दिसणारी पण औषधाविना असलेली सुई दिली गेली. कोणाला काय मिळाले हे ना मुलांना माहीत होते, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना. लस मिळालेल्यांत पोलिओचे ५७ रुग्ण निघाले, न मिळालेल्यांत १४२. टक्क्यांत लिहिले तर ०.०२८ आणि ०.०७१, फरक पाव टक्क्याच्याही कितीतरी खाली. पण स्टँडर्ड एरर त्याहून बारीक आहे आणि झेड सहाच्या घरात जाते. योगायोगाने असे घडणे जवळजवळ अशक्यच.

एवढी प्रचंड संख्या का घेतली, हे आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. दोनशे-दोनशे मुलांवर हीच चाचणी केली असती तर बहुधा एकाही गटात एकही रुग्ण आढळला नसता, आणि लस निरुपयोगी म्हणून बाजूला पडली असती. घटना जितकी विरळ, तितका नमुना मोठा लागतो. आपल्या एका केंद्राची संख्या पुरत नसेल तर अनेक केंद्रांच्या नोंदी एकत्र करून पाहाव्यात. मात्र प्रत्येक केंद्राने घटना एकाच व्याख्येने नोंदवलेली असावी आणि तुलना प्रत्येक केंद्राच्या आत करून मग तिचे निष्कर्ष जोडावेत. सगळी बेरीज आधीच केली, तर मोठ्या केंद्राची परिस्थिती लहान केंद्राचे चित्र झाकून टाकते.

प्रश्न : आमच्या बचत गटांतील ८० महिलांना मोबाइलवरून पैसे पाठवण्याचे प्रशिक्षण दिले. आधी ३२ जणींना ते जमत होते, नंतर ४८ जणींना. ४० टक्के आणि ६० टक्के. दोन प्रमाणांच्या सूत्राने झेड २.५३ आली. अहवालात असेच लिहावे का?
— एक कार्यकर्ती, बीड जिल्हा

उत्तर : ताई, हा आकडा अहवालात घालू नका. आपले काम चांगले असेल याबद्दल मला शंका नाही, पण सूत्र चुकीचे निवडले गेले आहे. ते सूत्र दोन वेगवेगळ्या गटांसाठी आहे. येथे तर दोन्ही वेळा त्याच ८० महिला आहेत. ज्या बाईला आधी जमत होते तिला नंतरही जमण्याची शक्यता जास्त असते, म्हणजे दोन्ही मोजण्या एकमेकींशी बांधलेल्या आहेत आणि अंबाजोगाईच्या शिक्षकांना सांगितलेला काटकोन येथे राहत नाही.

अशा जोडीच्या नोंदींसाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्विन मॅकनेमार यांनी १९४७ मध्ये दिलेली चाचणी वापरतात. तिच्यात ज्यांचे उत्तर बदलले त्याच महिला मोजल्या जातात. समजा २० जणींना नव्याने जमू लागले आणि ४ जणींना, सवय सुटल्याने म्हणा किंवा मोबाइल बदलल्याने म्हणा, आता जमेनासे झाले. २० आणि ४ यांच्यातील फरकाचा वर्ग २५६, त्याला बदललेल्या एकूण २४ ने भागले की १०.६७, आणि त्याचे वर्गमूळ ३.२७, तीच येथली झेड. आपल्या २.५३ हून हा पुरावा भक्कम आहे. पण समजा ३६ जणी शिकल्या आणि २० जणी विसरल्या, तरीही टक्केवारी ४० वरून ६० च होते. मात्र वर्गमूळ २.१४ एवढेच येते, आणि वीस जणींना येत असलेली गोष्ट का सुटली हा प्रश्न अहवालातला पहिला प्रश्न व्हायला हवा.

केवळ ३२ आणि ४८ या बेरजांवरून यांतले काय घडले हे कळायला मार्ग नाही. आपल्याकडे दोन्ही वेळच्या नावनिशीवार याद्या असतीलच. त्या शेजारी ठेवा, प्रत्येक नावापुढे ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा दोन खुणा करा, आणि खुणा न जुळणारी नावे निराळी लिहून काढा. त्या नावांची संख्या कळवलीत तर पुढचा हिशेब मी करून देईन.